उत्तरेची खिडकी

३ जून
ठरलं. मागच्या अंगणात वेगळा स्टुडिओ बांधायचा. बँकेतून रिटायर होऊन चार महिने झाले, अजून एक रेघ मारलेली नाही. कारण एकच, जागा नाही. शरदिनी म्हणते, पुढच्या खोलीत बसा. ऑइल पेंटिंग म्हणजे काय हे बायकोला कोण समजावणार? टर्पेंटाइनचा वास, वर पंखा, त्यात येणारे-जाणारे.

पहिलं चित्र बाबांचं. ते गेले तेव्हा मी दोन वर्षांचा होतो. फोटो एकच, त्यात छत्रीची सावली नेमकी तोंडावर. चेहरा आता फक्त आईला माहीत. ती सांगणार, मी काढणार, ती बघून चुका दाखवणार. तिच्या काचबिंदूचे डॉक्टर म्हणाले, आहे ती नजर वर्षभर टिकली तरी पुष्कळ. म्हणजे वर्ष आहे हातात. पितृपक्षात बाबांच्या श्राद्धाला चित्र पाटावर.

उद्यापासून पहाटे पाचला उठणे. रोज वीस स्केचेस.

४ जून, सकाळी ९.४०
उठलो. उकाडा फार.

९ जून
प्लॅन, तिसरी आवृत्ती. चित्रकाराला उत्तरेचा उजेड लागतो. दिवसभर एकसारखा, ऊन कॅनव्हासवर येत नाही. म्हणून उत्तरेच्या भिंतीला आठ फुटी खिडकी. मोबाईलवर दिशा बघून घ्या, असं शरदिनीने सुचवलं. मला हसू आलं. अमृतराव घाटाशेजारी साठ वर्षं काढली. गंगेकडे तोंड केलं की डाव्या हाताला उत्तर. पूल ओलांडून रामनगरला राहायला आलो म्हणून मी दिशा विसरलेलो नाही.

संध्याकाळी गच्चीवर चहा. इथे सूर्य थेट गंगेवर मावळतो. सुंदर दिसतं.

८ जुलै
भिंती उभ्या राहिल्या. मिस्त्री रामधनी खिडकीपाशी थांबून म्हणाला, "बाबूजी, जाड़े में इधर दिन भर धूप रहेगी." थंडीचं कशाला, त्याला आत्ताच भर बारा वाजता तिथे उभा केला. दाखव म्हटलं ऊन. खिडकीतून एक कवडसा आत नव्हता. बिचारा थापी उचलून कामाला लागला. अनुभव वेगळा आणि शास्त्र वेगळं.

२ ऑगस्ट
गंगा चढली. वाळू येत नाही, काम बंद. आईने आज चहात मीठ घातलं. शरदिनी दिवसभर मला धारेवर धरून होती. आज तरी कागद घेऊन त्यांच्याजवळ बसा, खोली कुठे पळून जाते का, वगैरे. आईनेही विचारलं, स्वयंपाकघरात बसून नाही का रे येणार काढता? म्हटलं, बाबांचं चित्र काय वाण्याच्या यादीसारखं काढू?

सहावी आवृत्ती केली. ब्रश धुवायला वेगळं सिंक.

१९ ऑगस्ट
आज वाईट वाटलं. आकाश भरलेलं. आई अंगणात तांब्या घेऊन सूर्याला अर्घ्य देत होती, ती गंगेकडे पाठ करून. आयुष्यभर घाटावर गंगेकडे तोंड करून अर्घ्य दिलेली बाई. नजर गेली की दिशाही जातात. मी हलकेच खांदे धरून तिला नदीकडे वळवलं. ती क्षणभर थांबली, मग तशीच पाणी सोडून आत गेली.

घाई केली पाहिजे. उद्यापासून पाच.

२४ सप्टेंबर
बाबांचं श्राद्ध. पाटावर छत्रीचाच फोटो. पितृपक्षात नवं काम करायचं नाही, म्हणून छत राहिलंय. यात माझा दोष कुठे? आई फोटोवरून बोटं फिरवत म्हणाली, "विशू, भुवया जुळलेल्या होत्या त्यांच्या. एवढं तरी लिहून ठेव." इथे लिहिलं. बाकीचं मात्र तिच्याकडून तुकड्यातुकड्याने घ्यायचं नाही, असं ठरवलंय. चेहरा एका बैठकीत यावा लागतो.

११ नोव्हेंबर
स्टुडिओ पूर्ण. ईझल उभा, कॅनव्हास ताणलेला. अकरा वाजता ऊन खिडकीतून थेट ईझलपर्यंत आलं. शेजाऱ्यांच्या पत्र्यावरून परतलेलं असणार. त्यांच्याशी बोलावं लागेल.

आई आता आवाजावरून माणूस ओळखते.

१२ नोव्हेंबर
शरदिनीने मोबाईलवर दिशा लावून तो खिडकीत ठेवला. खिडकी दक्षिणेला. मोबाईल बिघडलाय, असं मी म्हणालो. खात्री करायला अमृतराव घाटावर गेलो. गंगेकडे तोंड केलं, डावीकडे उत्तर. बरोबर. मग समोर पलीकडचा काठ दिसला, ज्याच्यामागून लहानपणापासून सूर्य उगवताना बघितला तो. उजवीकडे प्रवाहाच्या वरच्या अंगाला, त्याच काठावर रामनगर. आम्ही आता पलीकडे राहतो. तिथून नदी पश्चिमेला, डाव्या हाताला दक्षिण.

म्हणजे ऑगस्टात आई बरोबर उभी होती.

हे घरी सांगितलेलं नाही.

२७ नोव्हेंबर
आठवी आवृत्ती. समोरची भिंत फोडून तिथे खिडकी, इथे जाड काळा पडदा. पडदा लागला. भिंतीला हात लावण्याआधी खिडकीवरच्या तुळईचा, लिंटेलचा विचार व्हायला हवा, असं रामधनी म्हणतो, आणि त्याच्या घरी लग्न आहे. पडदा ओढून बल्ब लावून पाहिला. बल्बखाली माझाच हात पिवळा दिसतो. अशा उजेडात वडील काढायचे नसतात.

४ जानेवारी
आठवडाभर धुकं होतं, आज ऊन पडलं. घरात ऊब असलेली जागा एकच. आईला हाताला धरून स्टुडिओत आणलं आणि ईझलसमोरच्या खुर्चीत बसवलं. कॅनव्हास कोरा. नवी खिडकी झाल्याशिवाय सुरुवात करण्यात अर्थ नाही, हे कालच पक्कं केलं होतं.

तिने समोरच्या पांढऱ्याकडे तोंड केलं. मग म्हणाली, "भुवया जमल्यात तुला. नाक जरा मोठं झालंय."

मी म्हणालो, करतो बारीक.

"पण तेच आहेत," ती म्हणाली.

मला तिथे उभं राहवेना. पडदा ओढायला वळलो, तर तिला पडद्याच्या कड्यांचा आवाज कळला. म्हणाली, "राहू दे रे. छान ऊन येतं तुझ्या खोलीत."