बाबांच्या नावाचा पुकारा

१२ डिसेंबर, सारंगखेडा
यात्रेत ताईनं पकडलंच. मी एका घोडीचे दात बघत होतो (मालक म्हणे आठ वर्षांची, बारापेक्षा कमी नाही). मागून आवाज, "बाबाले जाईसन दोन महिना व्हयनात. कथा व्हता तू?" वकिलीचा कोट हातावर, चपला धुळीनं पांढऱ्या. म्हटलं, अक्कलकुव्याला, ट्रकवर. तिनं एवढंच विचारलं, "जेवना का?"
जूनमध्ये आई, ऑक्टोबरात बाबा. दोघांना अग्नी तिनंच दिला. मी दोन्ही वेळा रस्त्यात.

१५ डिसें.
वारसांच्या अर्जावर सही केली. शेताचा रस्ता शेजाऱ्यानं अडवला, त्याचा बाबांचा दावा, ताईच चालवते. दावा लावणारा वारला की नव्वद दिवसांत वारस लावायचे, नाहीतर दावाही मेला. वारस दोघंच, ती नि मी. तिचा कारकून हसत होता, "मी सांगं, भाऊ नही सापडना तर करा त्याले प्रतिवादी. बाई म्हने, नही." म्हणजे माझ्यावाचून अडलं नव्हतं. तरी मला शोधायला ताईनं तीन गावं नि अख्खी यात्रा पायाखाली घातली.

२२ डिसें.
जाणार होतो, राहिलो. धडगावकडची एक बाई आली, नवरा जाऊन आठ दिवस. ताई तिच्याशी तिच्याच बोलीत, पावरीत बोलली. कधी शिकली? बाई पाणी प्यायली, थोडी हसलीसुद्धा. तिचा वारसांचा अर्ज तासाभरात तयार. आमचा खणातच, सह्यांसकट. काय चाललंय कळेना.

५ जाने.
तारीख. मी मागच्या बाकावर, पंख्यावरची चिमणी बघत. शिपाई दारात येऊन ओरडला, "भटू सुपडू पाटील." तीनदा. दाराकडं बघितलं पण मी.
ताई उठली. "वादी मयत, साहेब. वारसांसाठी मुदत." आवाज सरळ. कोर्टाला माहीत आहे, पण वारस लागेपर्यंत पुकारा बाबांच्याच नावाचा. मुदत मिळाली. नव्वद दिवस मात्र १६ ला भरतात.
बाहेर विचारलं, अर्ज का दाबून ठेवलास?
चहा ढवळत राहिली. "दाखल कया का पुकारा बंद. माले आजून एक डाव आयकनं व्हतं."
आणि मी समजत होतो, हिला लागतच नाही. इतक्या बायांचे हात धरले हिनं, हिचा कोणी... जाऊ दे.

१५ जाने.
अर्ज दाखल. कारकुनाला हात लावू दिला नाही, परत स्वतः टाइप केला, सह्याही नव्यानं. बाबांच्या नावाआधी 'मयत' तिनंच. हात थांबला नाही, मी बघत होतो. मग गळ्याचा पांढरा बँड काढून माझ्याकडे दिला. आता ती पक्षकार, केस दुसऱ्या वकिलाकडे. "पुढली तारीखले मी तुन्हा संगे बाकवर बठसू." समोरच्यांचं म्हणणं यायचंय. ते सोडणार नाहीत.

१६ जाने.
ट्रकवाल्याचा फोन. अंकलेश्वर, तिथून पुढं राजस्थान. दहा दिवस म्हणतो, म्हणजे वीस. कोर्टाची तारीख २८ ची. ताई भाकरी थापत होती, मान वर केली नाही.
"जाय ना, भाऊ. अर्ज मंजूर व्हयना तर तुन्हं नाव पुकारतीन. शिपाई तीनच डाव बलावस."
पिशवी भरलीय. ट्रक फाट्यावर उभा, दोनदा हॉर्न झाला. ताईचा बँड अजून माझ्याच खिशात.