खड्याखालचा गाळ

५ मार्च
सापडलं! समुद्रतळातून काढून तीन नळ्यांत तोडून भरलेल्या गाळाच्या सगळ्यात वरच्या नळीत, पार वरच्या टोकाला — पुन्हा दगडगोटे! बर्फ बसलेलं असेल तिथे नुसते दगडगोटे असतात. बर्फ हटून समुद्र मोकळा झाला की शिंपले, वाळूच्या कणाएवढे. इथे खालच्या दोन नळ्यांत दगडगोटे, या वरच्या नळीत आधी शिंपले आणि त्यांच्यावर परत दगडगोटे. म्हणजे गेलेलं बर्फ परत आलं होतं! बाबा जन्मभर हेच सांगत आले आणि लोक त्यांना हसत आले.

धावत घरी. अंथरुणातच त्यांच्यापुढे नळीचा फोटो धरला. चष्मा लावून कितीतरी वेळ बघत राहिले. मग माझ्या गालाला हात लावला. "दमलीस गं," एवढंच. आनंदानं शब्द फुटेना बिचाऱ्यांना.

९ मार्च
डॉक्टर म्हणाले, आता फार दिवस नाहीत. आई मोरीतला नळ सोडून रडते, आम्हाला ऐकू येऊ नये म्हणून.

१० मार्च
दिवसभर सूक्ष्मदर्शकाखाली शिंपले निवडले, ओल्या ब्रशच्या टोकानं एकेक. मान मोडून आली. संध्याकाळी बाबांना सांगितलं. "छान," म्हणाले. पूर्वी एका शिंपल्यावरून तासभर भांडायचे माझ्याशी! आजारानं माणूस किती गप्प होतो.

१३ मार्च
मेले मी!

गाळात लिंबाएवढा एक खडा आहे. तरंगत्या हिमखंडातून सुटून तळाशी पडलेला. असा खडा पडला की खालचा मऊ गाळ दबतो. इथे दबलाय वरचा. वरचा! नळी उलटी आहे. निळं टोपण वरच्या तोंडाला, लाल खालच्या, असा नियम — जहाजावर टोपणं मीच लावली होती, ओकाऱ्या काढत काढत, आणि अदलाबदल केली. सरळ धरली तर खाली दगडगोटे, वर शिंपले. बर्फ एकदाच गेलं. परत आलंच नाही.

कुठल्या तोंडानं सांगू बाबांना?

१४ मार्च
नाही सांगितलं तर सुखानं जातील. पण गाळाबद्दल त्यांच्याशी खोटं? आजवर कधी नाही बोलले. मन घट्ट करून उशाशी बसले, तर झोप लागली होती त्यांना. उद्या सांगतेच.

१५ मार्च
पहाटे गेले बाबा. सांगायचं राहूनच गेलं.

१९ मार्च
आज आईच्या मांडीवर डोकं ठेवून रडले, सगळं सांगून टाकलं. ती गोंधळली. "अगं, पण तू फोटो दाखवून गेलीस ना, तेव्हाच ते मला म्हणाले होते, खडा उलटा रुतलाय. मला त्यातलं काय कळतंय! म्हटलं, मग सांगा ना तिला. तर म्हणाले, तिचं तिला दिसेल. पोर किती वर्षांनी अशी धावत घरी आली, मी कशाला बोलू?"