चार बोटांची फट

५ जानेवारी

अखेर ताईच्या गच्चीवर घुमट उभा राहिला. बदलीच्या गावी सख्ख्या बहिणीचं घर असावं आणि तिने वरची खोली, गच्ची सगळंच हवाली करावं, आणखी काय पाहिजे? प्लायवूडच्या फासळ्या, वर पत्रा. आता दुर्बिणीपुढची सरकती झडप तेवढी राहिली. खाली-वर रूळ, त्यांत ड्रॉवरची चाकं; आतून दोरी ओढली की झडप मिटणार. भाऊजी खुर्ची टाकून देखरेखीला. म्हणाले, ताईचा पाहुणा परत कधी जाणार, तेही दुर्बिणीतून दिसतंय का बघा. मीही हसलो.

९ जानेवारी

झडप बसली, पण पूर्ण मिटत नाही. चार बोटं फट राहते. वेल्डरने येऊन रूळ तपासले, सरळ आहेत म्हणाला. वंगण घातलं, कड तासली. फट तेवढीच. मापं मीच घेतली होती; चूक माझीच असणार.

११ जानेवारी

दुपारी झडप रेटून मिटवली आणि मोठा खिळा ठोकला. संध्याकाळी खिळा वाकलेला, फट चार बोटं. भाऊजी चहा पिताना गालातल्या गालात हसत होते. विचारलं तर म्हणाले, मी झडपेला हातही लावला नाही. माझं डोकंच फिरलं. ताईसमोर त्यांना पोरकट म्हणालो, खोटारडे म्हणालो. घरच्या माणसावर असा संशय घ्यावा का? पण मग खिळा कोणी वाकवला? ताई एवढंच म्हणाली, "तुझ्या खेळण्यापायी माझ्या नवऱ्याचा अपमान करू नकोस."

१२ जानेवारी

माफी मागायला हवी. मागितली नाही. राग उतरतच नाही.

तो सगळा दोरीवर काढला. भर दुपारी, दोन्ही हातांनी ओढली. झडप लाकडावर अडावी तशी अडली नाही. दारात कुणाचा हात सापडावा तशी अडली. वर पाहिलं. फटीत बोटं होती. बाहेरून आत आलेली, राखाडी, चार. बाहेर तर उभं राहायलाही जागा नाही. पत्र्याचा उतार, खाली थेट गल्ली.

इतका चिडलो होतो की आणखी ओढली. बोटं हलली नाहीत. मग शेजारी पाचवं आलं. सहावं—

१३ जानेवारी

फट वीतभर झाली आहे. सांगू कुणाला? ज्यांना खोटारडे म्हणालो त्यांना? ताई ताट ठेवते, बोलत नाही. मीही नाही. कसला हा ताठा—

१४ जानेवारी

भाऊजी सकाळीच दारात. म्हणाले, "चला, झडप मिटवून दाखवतो. मग तरी खरं वाटेल?"

नको म्हणालो. का नको, ते सांगायचं होतं. उलट अंगावर वसकन ओरडलो, माझ्या वस्तूंना हात लावायचा नाही. ते एकटेच वर गेले.

झडप मिटल्याचा आवाज आला. पूर्ण मिटल्याचा.

वर जाऊन आलो. घुमटात कुणी नाही—

ताई वर निघाली होती. तिला खोलीत ढकलून बाहेरून कडी घातली. दारावर मुठी आपटतेय, पुन्हा तोंड दाखवू नकोस म्हणतेय. ताई, त्यांनी काही केलं नव्हतं. मी पाहिलं होतं. रागापायी बोललो नाही—

हाक येतेय. भाऊजींचीच. पत्र्याच्या बाहेरून. झडप उघडा म्हणताहेत. उघडायलाच हवी, ते माझ्यामुळे