वैशालीच्या बिननंबरी गाडीला चलन मिळण्याबाबत

प्रति,
मा. वाहतूक अधिकारी,
ई-चलन कक्ष, कल्याण.

अर्जदार : शिवराम भिकाजी जगधने, सेवानिवृत्त हजेरी कारकून, रा. मोहने, ता. कल्याण.

विषय : कालकथित वैशाली शिवराम जगधने हिच्या नंबर नसलेल्या ई-बाइकला मागील तारखेचे चलन देण्याबाबत.

संदर्भ : 'सदर गाडीस नंबर प्लेटची आवश्यकता नाही' असे परिवहन कार्यालयाचे पत्र.

महोदय,

१. अर्जदारांनी कारखान्यात आयुष्यभर इतरांची हजेरी लिहिली. मुलांनाही नियमाला धरूनच वाढवले. मुलगी वैशाली घरोघरी जाऊन रक्ताचे नमुने गोळा करण्याच्या कामाला लागली, तेव्हा तिने कमी वेगाची ई-बाइक घेतली. हिला नंबर नको, लायसन नको, असे दुकानदार म्हणाला. अर्जदारांचा विश्वास बसेना. त्यांनी रीतसर अर्ज करून नंबर मागितला. आवश्यकता नाही, असे लेखी उत्तर आले. ते त्यांनी लॅमिनेट करून गाडीच्या डिकीत ठेवले आणि कोणी अडवले तर दाखव, असे बजावले. कोणी कधी अडवले नाही.

२. हेल्मेट मात्र अर्जदारांनी आपल्या मनाने आणले. त्यावरून घरात रोज खटके उडत. "पप्पा, एवढ्याशा गाडीवर हेल्मेट? सिग्नलला पोरं हसतात ना," हे तिचे ठरलेले उत्तर. गल्लीतून बाहेर पडेपर्यंत ती ते घाली. पुढे काढून हँडलला अडकवते, अशी अर्जदारांना दाट शंका होती.

३. दि. १९ जून रोजी सकाळी शहाड पुलाजवळ मागून आलेल्या टेम्पोने तिला उडवले. ती जागीच गेली. हेल्मेट रस्त्याच्या कडेला सापडले. ते डोक्यातून निघाले की हँडलवरून उडाले, हे पंचनाम्यात नाही. पाहणारेही कोणी नाही. अर्जदारांच्या पत्नी जाईबाई उठता-बसता एकच विचारतात, "अहो, घातलं होतं ना तिनं?" अर्जदार होय म्हणतात. त्यांना खोटे बोलता येत नाही, आणि जाईबाईंना ते कळते. मग दोघेही जेवत नाहीत.

४. त्या सकाळी अर्जदार आंघोळीला गेले होते. दुसरी कोणती गाडी असती तर सुरू झालेली कानावर आली असती. या गाडीला आवाजच नाही. पोर घरातून गेली ते बापाला कळले नाही, याने अर्जदारांचे काळीज तुटते. नियमात याला कलम नसावे, तरी नमूद केले आहे.

५. अर्जदारांचा मुलगा रत्नदीप यास पुलाअलीकडच्या सिग्नलवर पांढरी पट्टी ओलांडल्याबद्दल नुकतेच चलन आले. सोबतच्या फोटोत त्याच्या शर्टाचे तुटलेले बटणसुद्धा दिसते. वैशाली त्याच सिग्नलवरून पुढे गेली होती. कॅमेऱ्याने तिलाही टिपले असणार. पण गाडीला नंबर नाही म्हणून चलन नाही, आणि चलन नाही म्हणून फोटो मिळत नाही, असे आपल्या कक्षात सांगण्यात आले. जुने चित्रण काही दिवसांनी पुसले जाते, असेही समजले. तेव्हापासून अर्जदारांच्या जिवाला चैन नाही.

६. तरी वैशालीस कृपया चलन द्यावे. पट्टी ओलांडली, सिग्नल तोडला, मोबाइलवर बोलत होती, जो गुन्हा आपल्याला सोयीचा असेल तो लावावा. संगणक नंबराशिवाय पुढे सरकत नसल्यास गाडीचा चॅसिस क्रमांक घालावा. तोही न चालल्यास अर्जदारांचा कारखान्यातील हजेरी क्रमांक घालावा, त्यावर आजवर एकही शेरा नाही. दंड त्याच दिवशी भरला जाईल. हरकत घेतली जाणार नाही.

७. फोटोत हेल्मेट असेल तर लेकीने ऐकले होते, एवढे जाईबाईंना खरे सांगता येईल. नसेल तर तिचा चेहरा दिसेल. यांपैकी काय निघावे, हे अर्जदारांना अजून ठरवता आलेले नाही. जे असेल ते पाठवावे.

आपल्या चलनाची वाट पाहणारा,

(सही)
शिवराम भिकाजी जगधने
मोहने, दि. ४ जुलै २०२५

सोबत :
१) संदर्भातील पत्राची प्रत
२) रत्नदीपचे चलन, भरल्याच्या पावतीसह
३) चॅसिस क्रमांक
४) वैशालीचा फोटो, ओळख पटावी म्हणून. त्या दिवशी ओढणी निळी होती, असे जाईबाई सांगतात.