सातव्या होलचं तळं

ती. भावोजी यांस,

साष्टांग नमस्कार. तुमचा गुडघा आता जिना चढू देतो का? ताईचा खोकला थांबला असेल. नसेल तर तिला म्हणावं, फोनवर माझ्या बायकोशी तासभर बोलणं तेवढं कमी कर. इकडे सगळे खुशाल आहेत, मी सोडून. चार दिवस घास उतरत नाही, आणि कारण सांगावं असं तुमच्याखेरीज माणूस नाही.

आमच्या कार्यालयात नवे मोठे साहेब आले आहेत. त्यांना गोल्फचं वेड (टेबलावर फायली कमी, चेंडू जास्त). तुमच्या निवृत्तीच्या आदल्या वर्षी आपण ज्या मैदानाचा नकाशा शाईत उतरवला, ते आता म्हणे भल्याभल्यांना रडवतं. त्यातही सातवं होल. मध्ये वाटोळं तळं, पलीकडे झेंडा, आणि तळ्यात आजवरच्या खेळाडूंचे हजारभर चेंडू. क्लबात टांगलेल्या नकाशाच्या कोपऱ्यात साहेबांनी माझं नाव वाचलं आणि मला बोलावून घेतलं. म्हणाले, "हे तळं नेमकं तिथं टाकणारं डोकं मला बघायचंय. रविवारी आपण खेळू, आणि सातव्यावर उभं राहून तुम्ही मला ते समजावून सांगा." वर असंही म्हणाले की नकाशा विभागाच्या प्रमुखाची जागा याच महिन्यात भरायची आहे. एकोणीस वर्षं मी त्याच स्टुलावर बसतो आहे, भावोजी. ती जागा मला हवी आहे.

घरी येऊन जुना पेन्सिलचा कागद काढला (मैदान आखणारे गृहस्थ तो देऊन गेले ते पुन्हा फिरकलेच नाहीत). त्यावर सातव्या होलवर तळं नाही. तिथे चहाच्या कपाच्या बुडाचा तपकिरी डाग आहे. मी पट्टी लावली. डाग सहा सेंटिमीटर, प्रमाण एकास हजार, म्हणजे साठ मीटर. खोदलेलं तळंही बरोबर साठ मीटर. तुम्हीच शिकवलं होतं, खालच्या कागदावर दिसेल ते वर शाईत उतरवायचं, डोकं चालवायचं नाही. मी चालवलं नाही. कागद पुन्हा गादीखाली घातला.

मग मी खेळाची आखणी केली. खेळता येत नाही, हा मुद्दा मी बाजूला ठेवला. सहाव्या होलपर्यंत कसंबसं जायचं आणि तिथल्या वाळूच्या खड्ड्यात पाय मुरगाळून घ्यायचा, की सातवं होल टळलं. तीन दिवस ओसरीत छत्रीने चेंडू मारतो आहे (कपाटाची एक काच गेली) आणि जेवणानंतर लंगडण्याचा सराव करतो आहे. काल बायकोने मलम आणून डाव्या पायाला चोळलं, तेव्हा लक्षात आलं की सकाळी मी उजव्याने लंगडत होतो. शिपायाकडून असंही कळलं की साहेब जखमी गड्याला घरी पाठवत नाहीत. सावलीच्या बाकावर बसवून ठेवतात, आणि तो बाक सातव्या होलच्या काठाशी आहे. तेव्हापासून मला स्वप्नातही तपकिरी पाणी दिसतं. खरं सांगितलं तर जागा गेली, खोटं सांगायला गोल्फ यावं लागतं. मला खरोखर भीती वाटते.

ताईला नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुमचा मेहुणा

ता. क. नकाशावर 'तपासणारा' म्हणून दुसरी सही आहे, ती साहेबांनी आज भिंग लावून वाचली. तुम्हालाही रविवारी बोलावलं आहे. तुमच्या वतीने मी होकार कळवून टाकला. सकाळी सहाला गाडी दाराशी येईल, गुडघ्याला पट्टा बांधून तयार राहा. सातव्यावर आधी तुम्हीच बोला, तुम्ही वडीलधारे.

ता. क. दुसरा. मी चहा पीत नाही, भावोजी. तेव्हाही पीत नव्हतो.