इस्त्रीवाल्या काकांपुढची साक्ष

ता. ४ फेब्रुवारी

चि. चिमणीस,
अ. आ. वि. वि.

आपण चर्चच्या पाळकाची मुलं, आणि जन्मापासून आपली तक्रार एकच: लोक रविवारी मान डोलावतात आणि सोमवारी आपल्याला पाहून रस्ता बदलतात. परवा मी उपदेशात एवढा कडाडलो, की पुढच्या बाकावरच्या आजी दचकून जाग्या झाल्या. तुझी वहिनी म्हणते, तेवढंच फळ.

पण तू? चार वर्षं त्या लॉन्ड्रीत कपड्यांना चिठ्ठ्या लावतेस, इस्त्रीवाल्या काकांशेजारी डबा खातेस, आणि जावईबापू गेल्यावर तुला कुणी सावरलं हे त्यांना ठाऊक नाही! तोंडाला कुलूप लावून किती दिवस बसणार? या आठवड्यात काकांना साक्ष दे. सबब ऐकणार नाही. खोकल्याचं औषध घे.

रागावलो तरी लोभ उणा नाही.
दादा

ता. १३ फेब्रुवारी

प्रिय दादास,
सप्रेम सलाम वि. वि.

तुझी आज्ञा पाळली आणि घोटाळा झाला. मंगळवारी डबा उघडताना मी एका दमात सांगून टाकलं, की काका, उद्या मला साक्ष द्यायची आहे, दादाने बजावलंय. काकांचा घास हातातच राहिला. बुधवारी ते आले नाहीत. गुरुवारीही नाहीत. मालकीणबाई म्हणाल्या, शनिवारी दिसले नाहीत तर दुसरा माणूस ठेवीन. मला वाटलं, देवाचं नाव काढलं आणि एवढं सख्खं माणूस तोडलं. तुला मनातल्या मनात काय काय बोलले, ते कागदावर उतरवण्यासारखं नाही.

शुक्रवारी काम सुटल्यावर त्यांच्या खोलीवर गेले. दार उघडून काकांनी हातच जोडले. म्हणाले, पोरी, कोट मीच जाळला, पण साक्ष देऊ नकोस. मी विचारलं, कुठला कोट? मग सगळं बाहेर आलं. एका नवरदेवाच्या कोटाला त्यांच्या हातून चटका बसला होता, आणि भीतीने त्यांनी तो मागच्या कपाटात गादीच्या खोळींखाली दडपला होता. बाई आठवडाभर एकट्या काकांकडे त्याची चौकशी करत होत्या. मी साक्ष म्हटलं, त्यांना वाटलं, हिने पाहिलंय!

दादा, आपल्या घरात साक्ष म्हणजे प्रभूने आपल्यासाठी काय केलं ते सांगणं. बाकी जगात साक्ष म्हटली की कुणीतरी आरोपी असतोच. मी उंबऱ्यातच बसून हसले, मग रडले. काकांनी पाणी दिलं आणि विचारलं, मग तुझी साक्ष कशाची? तुझा एकही उपदेश आठवला नाही रे. एवढंच सांगितलं, की हे गेले तेव्हा आमचा अबोला मिटलेला नव्हता, वर्षभर मीही तोंड लपवून होते. येशूपुढे ते कबूल केलं, तेव्हा त्याने मला हाकललं नाही. काका म्हणाले, तो हाकलत नसेल, पण मालकीणबाई? मी म्हटलं, त्यांची हमी देत नाही, सोबत येते.

काल सकाळी दोघं गेलो. काकांनी स्वतः कोट टेबलावर ठेवला. बाई तुझ्याहून मोठ्याने कडाडल्या! चटका बाहीच्या आत आहे आणि लग्न पुढच्या महिन्यात, हे पाहून निवळल्या. म्हणाल्या, रफू मी करून घेते, तुम्ही आधी इस्त्री तापवा, ढीग साचलाय. सुटलो रे बाबा! रात्री मी गाढ झोपले.

आता काका चिडवतात, की तुझा दादा आणखी कुणाला साक्षीला उभं करणार आहे?

वहिनीला सलाम. माया आहे तशीच राहू दे.
तुझी चिमणी

ता. १७ फेब्रुवारी

चि. चिमणीस,
अ. आ. वि. वि.

तुझं पत्र वाचून हुश्श केलं. माझ्या एका शब्दापायी त्या भल्या माणसाची भाकरी गेली असती, तर मी कुठल्या तोंडाने बोललो असतो? वीस वर्षं घसा फोडून सांगतोय. समोरच्याला काय ऐकू येतंय, हे एकदाही विचारलं नाही. तू मात्र आधी आपला अपराध सांगितलास, आणि त्यांचा जीव हलका झाला.

काकांना माझ्या उपदेशाला ओढून आणू नकोस. वहिनी म्हणते, त्यांनी आधीच पुष्कळ सोसलंय. लोभ आहेच, तो तिथे काकांनाही वाटून दे. आणि एक कर. उद्या डबा उघडल्यावर, प्रार्थनेला डोळे मिटण्याआधी, काकांना विचार, की त्यांच्यासाठी देवाकडे काय मागू. ते सांगतील तेवढंच, त्यांच्याच शब्दांत माग.

दादा