तिसऱ्या मजल्यावरचा वर्ग

शुक्रवार, संध्याकाळ

“तुम्ही व्हा की म्होरं, मी येतो सावकाश.” लॉ कॉलेजच्या जिन्यापाशी शैला रोज म्हणायची. एक पाय पोलिओचा, काखेत कुबडी. आणि आम्ही खरंच पुढं जायचो.

आमच्या बॅचच्या देणगीतून सजलेला वर्ग आज पाहिला. नव्या खुर्च्या, मोठा पडदा, दाराशी देणगीदारांची नावं, त्यात शैलाचंही. वर्ग तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. नकाशा मीही पाहिला होता, ‘छान’ म्हटलं होतं. जिना मला दिसलाच नाही?

दुपारी मुरगूडहून तिचा फोन आला. “रविवारी उद्घाटनाला येतोच बघ. वर्ग कितव्या मजल्यावर हाय गं?”

“तू ये तर,” म्हणाले. खरं का नाही सांगितलं?

मग समितीप्रमुख जयवंतदादांना फोन केला. ते हसले. “त्यात काय, खुर्चीसकट उचलून नेतो की तिला! चौघं हाय आम्ही.”

तिला कुणी उचललेलं कधीच चाललं नाही. जिना ती एकटीच चढायची.

ते नाहीच म्हणणार, तरी त्यांना लिहितेय: दादा, उद्घाटन थांबवा. प्राचार्यांशी बोला, तळमजल्यावरचं ऑफिस वर न्या आणि आपला वर्ग खाली आणा.